नव्या राउटरची तीन नावं, जुन्या लॅपटॉपला दिसतं एकच

टंकलेखिका

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्यांचं शब्दांकन करते. एकेक फाइल दीड-दोन जीबीची. ती उतरवून घ्यायची, ऐकायची, खुणा करून परत चढवायची. वाय-फाय रखडलं की माझं कामच रखडतं.

गेल्या आठवड्यात राउटर बदलला. बसवायला आलेल्या माणसाने तीन नावं ठेवून दिली: 'घर', 'घर ५' आणि 'घर ६'. म्हणाला, पाच वेगवान, सहा त्याहून वेगवान, पहिलं विसरून जा. माझ्या फोनवर तिन्ही दिसतात. माझ्या लॅपटॉपवर (नऊ-दहा वर्षं जुना, विंडोज १०) फक्त 'घर' दिसतं. भाच्याच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर 'घर' आणि 'घर ५' दिसतात, 'घर ६' नाही. त्याच्या लॅपटॉपच्या खोक्यावर तर ठळक अक्षरांत 'वाय-फाय ६' छापलंय!

बसवणाऱ्याला फोन केला. उत्तर: "मॅडम, लॅपटॉप म्हातारा झालाय, नवीन घ्या." मग भाच्याचा का चालत नाही, असं विचारलं तर म्हणाला, त्याचा ड्रायव्हर (वाय-फायचा भाग चालवणारी आज्ञावली) खराब असेल.

मी काय काय करून पाहिलं: जुनी नेटवर्क 'विसरा' केली. ड्रायव्हर काढून परत टाकला. लॅपटॉप उचलून राउटरच्या शेजारी, अक्षरशः हातभर अंतरावर नेऊन ठेवला. 'घर' पाच दांड्या, बाकी दोघांचा पत्ता नाही. पासवर्ड चुकला असता तर समजलं असतं, पण इथे पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी जातच नाही.

आणखी एक, कदाचित संबंध नसेल. सहा महिन्यांपूर्वी फोन बदलला, तेव्हापासून फोनचा हॉटस्पॉटही या लॅपटॉपला दिसत नाही. भाच्याला दिसतो. मी आजवर फोनला दोष देत होते.

लॅपटॉप खरंच टाकाऊ झालाय का? बाकी सगळं उत्तम चालतं हो. कळफलक तर असा हाताला बसलाय की बदलायची कल्पनाही नको वाटते.

---

सहजच

ताई, 'घर ५' म्हणजे फाइव्ह-जी. त्यासाठी फाइव्ह-जी वाला लॅपटॉप लागतो. जुन्यात फोर-जी असेल म्हणून दिसत नाही. सोपं आहे.

---

खरखर

सहजच, नाही हो. मोबाइलचं फाइव्ह-जी म्हणजे पाचवी पिढी. या नावातला ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. एक पिढीचा क्रमांक, दुसरी रेडिओ लहरींची वारंवारता. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. लोक राउटरला '५जी' असं नाव देतात आणि मग हा घोळ घरोघरी होतो.

टंकलेखिका, तुमचा लॅपटॉप खराब नाही आणि ड्रायव्हरही बहुधा ठीक आहे. तुम्ही स्वतःच सगळ्यात मोठा पुरावा दिलाय: राउटरच्या शेजारी नेऊनही नाव दिसलं नाही. सिग्नल अशक्त असता तर जवळ गेल्यावर दिसला असता. पासवर्डाचा किंवा सुरक्षेच्या प्रकाराचा घोटाळा असता तर सहसा नाव दिसून जोडणी फसली असती. नावच दिसत नाही याचा सरळ अर्थ म्हणजे लॅपटॉपचा रेडिओ त्या पट्ट्यात, म्हणजे लहरींच्या त्या टप्प्यात, ऐकतच नाही. फक्त मीडियम वेव्ह असलेल्या रेडिओवर एफएम लावायला गेल्यासारखं आहे. केंद्राच्या दारात रेडिओ नेऊन ठेवला तरी लागणार नाही.

तुमचा राउटर तीन पट्ट्यांत बोलतो. पहिला २.४ गिगाहर्ट्झ. जुना, अरुंद, गजबजलेला. सगळा मिळून जेमतेम ८० मेगाहर्ट्झचा, आणि त्यातच ब्लूटूथ, बिनतारी माउस आणि चालू मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती. यात चॅनल, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तेरा असल्या तरी त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एकमेकींना धक्का न लावता राहतील अशा साधारण तीनच: १, ६ आणि ११. तुमच्या शेजारच्या पाच घरांचे राउटर त्याच तिघांत कोंबलेले असणार. दुसरा ५ गिगाहर्ट्झ. तिथे जागा कितीतरी जास्त, पण भिंती ओलांडताना लहर लवकर थकते. तिसरा ६ गिगाहर्ट्झ. हा वाय-फायसाठी अगदी अलीकडे, २०२० पासून एकेका देशात खुला होत गेला, आणि किती भाग खुला हे देशागणिक वेगळं आहे.

आता लॅपटॉप. त्याच्या माहितीत ८०२.११ हा वाय-फायच्या मानकाचा आकडा आणि पुढे अक्षरं असतात. सगळी मेख त्या अक्षरांत आहे. बी (१९९९) आणि जी (२००३) म्हणजे २.४. ए (हेही १९९९ चंच) म्हणजे ५. एसी (२०१३) म्हणजे ५ आणि फक्त ५. गोंधळ घालणारं अक्षर म्हणजे एन (२००९). ते दोन्हीकडे चालू शकतं, पण 'चालू शकतं' म्हणजे 'चालवलंच पाहिजे' असं नव्हे. त्यामुळे कित्येक वर्षं कंपन्यांनी फक्त २.४ वर चालणारी एन कार्डं (कार्ड म्हणजे आतला वाय-फायचा भाग) लॅपटॉपात घातली आणि खोक्यावर झोकात 'बी/जी/एन' छापलं. खोटं काहीच नाही, फक्त 'ए' गायब. गिऱ्हाईक एका अक्षरासाठी कशाला थांबतंय!

तेव्हा हे करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून रोमन लिपीत टाइप करा: नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स. (पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन, मग शो आणि ड्रायव्हर्स, मध्ये एकेक जागा सोडून.) जी यादी येईल त्यात 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' अशी ओळ शोधा. तिथे ए किंवा एसी आहे का, ते कळवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अॅडॅप्टरच्या खाली कार्डाचं पूर्ण नाव असतं, तेही लिहा. पूर्ण म्हणजे पूर्ण, अर्धं नको.

हॉटस्पॉटचा संबंध नक्की आहे. नवे फोन हॉटस्पॉट बरेचदा ५ गिगाहर्ट्झवर काढतात. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये पट्टा निवडायची सोय असेल, तिथे २.४ करा. आयफोन असेल तर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' नावाचं बटण चालू करा.

---

सहजच

अच्छा! म्हणजे मी दोन वर्षं लोकांना चुकीचं सांगतोय. लिहून ठेवतो.

---

टंकलेखिका

खरखर, हॉटस्पॉट दिसला!! फोनमध्ये २.४ केलं आणि दोन सेकंदांत लॅपटॉपवर नाव आलं. त्या बिचाऱ्या फोनची माफी मागितली.

आता तुमचा गृहपाठ. माझ्या लॅपटॉपच्या त्या ओळीत फक्त एन, जी, बी. ए नाही, एसी नाही. कार्डाचं नाव: इंटेल वायरलेस-एन ७२६०.

पण थांबा, इथे मला एक शंका आहे. माझ्या एका सहकारी मैत्रिणीकडे साधारण त्याच वयाचा लॅपटॉप आहे, तिला विचारलं तर तिच्याही कार्डात ७२६० आहे आणि तिला ५ गिगाहर्ट्झ व्यवस्थित दिसतं. म्हणजे माझ्या कार्डातही ते कुठेतरी बंद करून ठेवलंय का? एखादा खटका असेल तर सांगा, मी करते.

भाच्याचं: इंटेल वाय-फाय ६ एएक्स२०१. विंडोज ११. यादीत बी, जी, एन, ए, एसी, एएक्स सगळी वर्णमाला आहे. तरी 'घर ६' नाही.

---

खरखर

म्हणूनच पूर्ण नाव मागितलं होतं. ७२६० या एकाच आकड्याची इंटेलची तीन भावंडं आहेत. 'वायरलेस-एन ७२६०' फक्त २.४ वर. 'ड्युअल बँड वायरलेस-एन ७२६०' दोन्ही पट्ट्यांवर. 'ड्युअल बँड वायरलेस-एसी ७२६०' दोन्ही पट्ट्यांवर आणि शिवाय एसी. मैत्रिणीच्या नावात 'ड्युअल बँड' हे शब्द असणार, विचारून बघा. तुमच्याकडे खटका नाही. ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी त्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ येणार नाही.

आता भाचेबुवा. इथे नावं ठेवणाऱ्यांनी आपली फजिती केली आहे. २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने ठरवलं की एन, एसी, एएक्स ही अक्षरं सामान्य माणसाला कळत नाहीत, तेव्हा सरळ क्रमांक देऊ. एन झालं वाय-फाय ४, एसी झालं ५, एएक्स झालं ६. हे पिढीचे क्रमांक. वाय-फाय ४ म्हणजे ४ गिगाहर्ट्झ नव्हे, तसंच वाय-फाय ६ म्हणजे ६ गिगाहर्ट्झ नव्हे. वाय-फाय ५ नेमकं ५ गिगाहर्ट्झवर चालतं हा निव्वळ योगायोग, आणि त्या योगायोगाने सगळ्यांच्या डोक्यात चुकीचा नियम पक्का केला.

साधं वाय-फाय ६ चालतं २.४ आणि ५ वर. तीच पिढी ६ गिगाहर्ट्झवर नेली की तिला म्हणतात ६ई. तो 'ई' महत्त्वाचा. एएक्स२०१ ला ई नाही. इंटेलच्या एएक्स२१० आणि एएक्स२११ ला आहे. तेव्हा भाच्याचा ड्रायव्हर निर्दोष आहे, खोकंही निर्दोष आहे. तुमच्या फोनला तिसरं नाव दिसतं म्हणजे तो ६ई किंवा त्यापुढचा आहे, बस्.

---

रात्रपाळी

खरखर यांनी बरोबर सांगितलंय. मी नेटवर्कच्याच कामात आहे म्हणून दोन गोष्टी वाढवतो. वाचणाऱ्या इतरांना उपयोग होईल.

एक: ६ गिगाहर्ट्झ दिसायला नुसतं कार्ड पुरत नाही. विंडोज ११ लागतं, १० वर ६ई कार्ड लावलं तरी ते २.४ आणि ५ वरच राहतं. शिवाय ६ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए-२ ही पासवर्डाच्या सुरक्षेची जुनी पद्धत चालतच नाही, तिथे डब्ल्यूपीए-३ सक्तीचं आहे.

दोन: लॅपटॉप जुना, राउटर नवा, आणि २.४ वरचं नावसुद्धा दिसत नाही, असं झालं तर मात्र ड्रायव्हरकडे बघा. इंटेलच्या जुन्या एसी कार्डांच्या काही जुन्या ड्रायव्हरांना एएक्स राउटरचं नाव वाचताच येत नसे. ड्रायव्हर अद्ययावत केला की सुटतं. टंकलेखिका यांना 'घर' दिसतंय म्हणजे हा प्रश्न त्यांचा नाही.

लिनक्सवाले 'आयडब्ल्यू लिस्ट' चालवा, त्यात प्रत्येक पट्टा चॅनलसकट छापून येतो. मॅकवाले ऑप्शनचं बटण दाबून वाय-फायच्या चिन्हावर टिचकी मारा, सध्या कोणत्या चॅनलवर आहात ते दिसतं.

---

उलटा स्क्रू

ताई, लॅपटॉप टाकू नका. मी दुरुस्तीचं काम करतो. असे लॅपटॉप महिन्याला दोन-तीन येतात माझ्याकडे.

वाट पहिली: आतलं कार्ड बदला. नखाएवढं असतं. त्या काळात दोन प्रकार होते: जरा जुना अर्धा मिनी-कार्डाचा आणि नवा एम.२ चा. ७२६० दोन्हीत यायचं, त्यामुळे उघडल्याशिवाय कळणार नाही. एकाचं दुसऱ्यात बसत नाही. अँटेनाच्या तारांची टोकंही दोन्हींची वेगळी, एम.२ ची बारीक. ती टोकं चारदा काढली-लावली की सैल होतात, म्हणून पहिल्याच वेळी नीट करायचं. अजून एक: काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपात बायॉसमध्येच (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत) मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की यंत्र सुरू होतानाच अडून बसतं. माझे दोन दिवस अशा एका लॅपटॉपाने खाल्लेत. तुमच्या मॉडेलचं आधी बघून घ्या.

एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं तुमच्यासाठी नाहीत, कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका. दिसतात एम.२ सारखीच, पण त्यांचा अर्धा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असतो. ठरावीक इंटेल प्रोसेसर असेल तरच जागी होतात. एएक्स२१० ला ही अट नाही. भाच्याला ६ हवंच असेल तर त्याने तेच बघावं, पण आधी त्याचं कार्ड सुटं आहे की बोर्डावरच चिकटवलंय ते बघा.

वाट दुसरी: यूएसबीला लावायचा वाय-फाय डोंगल. उघडाउघडी नाही. घेताना 'ड्युअल बँड' आणि 'एसी' किंवा 'एएक्स' हे शब्द बघा. नुसतं 'एन १५०' किंवा 'एन ३००' लिहिलेले बारके डोंगल अजून विकतात. ते फक्त २.४ चे, तुमच्याकडे जे आहे तेच परत घ्याल.

---

टंकलेखिका

उलटा स्क्रू, तुमचं 'नखाएवढं' वाचून उत्साह आला आणि 'अडून बसतं' वाचून गेला. मी डोंगल घेते. हा लॅपटॉप माझ्या हाताने उघडला आणि सुरूच झाला नाही तर महिन्याचं काम बुडेल.

(मैत्रिणीचं नाव बघितलं. 'ड्युअल बँड वायरलेस-एसी ७२६०'. खरखर, दंडवत.)

---

टंकलेखिका

चार दिवसांनी परत आले. आनंदाची आणि वैतागाची, दोन्ही बातम्या आहेत.

डोंगल आणला, ड्युअल बँड, एसी. लावला, आणि पहिल्यांदाच माझ्या लॅपटॉपवर 'घर ५' उमटलं. दीड जीबीची फाइल चढवायला एरवी चाळीस मिनिटं लागायची, ती अकरा मिनिटांत गेली. मी घड्याळ लावून बसले होते. भाच्याला बोलावून दाखवलं, त्याने 'बरं' म्हटलं. या वयातल्या मुलांकडून हे म्हणजे उभं राहून टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'घर ५' गायब. 'घर' आहे. डोंगल काढून लावला, लॅपटॉप बंद-चालू केला, काही नाही. फोनवर आणि भाच्याच्या लॅपटॉपवर 'घर ५' दिसतंय! संध्याकाळी कंटाळून राउटरच बंद करून चालू केला, तर लगेच आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी परत गेलं.

दुसरी गंमत: डोंगल लावल्यापासून माझा बिनतारी माउस अडखळतो. बाण सरळ जातच नाही, उड्या मारतो. डोंगल काढला की माउस शहाणा.

सदोष डोंगल आलाय का? परत करू?

---

रात्रपाळी

परत करू नका. सकाळी नाव गायब असेल तेव्हा राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ५ गिगाहर्ट्झचा चॅनल कोणता चालू आहे तेवढं बघून सांगा. माझा अंदाज ५२ ते ६४ किंवा १०० च्या पुढचा.

---

टंकलेखिका

चॅनल १००! निवड 'स्वयंचलित' आहे. तुम्हाला घरबसल्या कसं कळलं?

---

रात्रपाळी

कारण 'काल होतं, आज नाही, इतरांना दिसतं, मला नाही' ही तक्रार मी आयुष्यात फार वेळा ऐकली आहे.

५ गिगाहर्ट्झ म्हणजे एक सलग पट्टा असं आपण बोलतो, पण आतून त्याचे तुकडे आहेत. खालचे चॅनल ३६, ४०, ४४, ४८. मग ५२ ते ६४. मग १०० ते १४४. मग वर १४९ ते १६५. मधल्या दोन तुकड्यांत वाय-फाय हा भाडेकरू आहे, मालक नव्हे. तिथे हवामानाचे आणि इतर रडार आधीपासून राहतात. म्हणून बहुतेक देशांत नियम आहे की तिथे बसण्याआधी राउटरने निदान एक मिनिट कान देऊन ऐकायचं, रडार ऐकू आलं तर जागा सोडून निघायचं. या सोयीला डीएफएस म्हणतात.

लॅपटॉपच्या बाजूने याचा अर्थ असा की या चॅनलांवर त्याने आपणहून 'कुणी आहे का?' अशी हाक मारायची नाही, फक्त ऐकत राहायचं. काही डोंगल, विशेषतः स्वस्तातले, हे चॅनल बघतच नाहीत. त्यांच्या खोक्यावर '५ गिगाहर्ट्झ' लिहिलेलं खरंच असतं, पण पूर्ण पट्टा चालतो असं कुठे लिहिलंय? तुमचा त्यातला आहे. राउटर पहाटे कधीतरी मोकळा चॅनल शोधतो, १०० वर जातो, आणि तुमच्या डोंगलच्या दृष्टीने घर रिकामं होतं. राउटर नव्याने चालू केला की तो बहुधा आधी खालच्या चॅनलावर बसतो, म्हणून नाव परत येतं.

उपाय: ५ गिगाहर्ट्झची 'स्वयंचलित' निवड काढून चॅनल ३६ पक्का करा. चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ राहू द्या, त्यात ३६ ते ४८ चारही येतात आणि रडारची भानगड नाही. रुंदी १६० ठेवलीत तर राउटर ५२ ते ६४ सुद्धा ओढून घेईल, म्हणून ती नको.

असंच दुखणं २.४ वरही असतं. काही लॅपटॉप अशा देशासाठी बनलेले असतात की त्यांना फक्त १ ते ११ चॅनल माहीत. राउटर १२ किंवा १३ वर गेला की त्यांना नाव दिसत नाही.

---

उलटा स्क्रू

माउसचं मी सांगतो. डोंगल निळ्या खोबणीत, म्हणजे यूएसबी ३ मध्ये लावलाय ना? आणि माउसचं बटणाएवढं रिसीव्हर शेजारच्याच खोबणीत? यूएसबी ३ चालू असताना तिचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर टिपण काढलंय. डोंगल तुमचा ५ वर बोलतोय, त्याला काही होत नाही, पण माउस २.४ वर. त्याच्या कानाशी कुणी तरी ताटली वाजवतंय असं समजा.

डोंगल काळ्या खोबणीत, म्हणजे यूएसबी २ मध्ये लावा. तिची मर्यादा ४८० मेगाबिटची, तुमच्या कामाला रगड. किंवा हातभर लांब यूएसबी वायर घेऊन डोंगल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

---

टंकलेखिका

वायर होती घरात, लावली. माउस पूर्ववत. चॅनल ३६ करून आज सहावा दिवस, 'घर ५' एकदाही गेलं नाही. लांब वायरीमुळे डोंगल खिडकीच्या चौकटीवर ठेवता आला, तिथून राउटर सरळ दिसतो, आणि दांडीही एक वाढली.

एक घोळ मात्र माझ्याच हातून झाला. 'पहिलं विसरून जा' हे बसवणाऱ्याचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून राउटरच्या पानावर गेलेच आहे तर 'घर' बंदच करून टाकलं. तासाभरात छपाई यंत्र मुकं झालं, आणि दुसऱ्या खोलीतला स्पीकरही. दोघांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत तेच: बी/जी/एन. आता मला ते अक्षर लांबूनच दिसतं. 'घर' परत चालू केलं.

भाच्याला एएक्स२१० बद्दल सांगितलं. त्याने लॅपटॉप उलटा करून बघितला, स्क्रू मोजले, आणि म्हणाला की 'घर ५' वर त्याचं सगळं चालतंय. 'घर ६' वर सध्या माझा फोन एकटाच असतो.

---

सहजच

माझ्या लॅपटॉपला ऑफिसचं वाय-फाय दिसतं, पण घरचं फक्त रात्री दिसतं. आधी मी भूत म्हणणार होतो, आता म्हणतो चॅनल १३. बरोबर?

---

खरखर

असू शकेल. ती आज्ञा चालवा, कार्डाचं पूर्ण नाव लिहा, आणि दिवसा फोनवरून राउटरचा चॅनल बघा. नवा धागा काढा पण, इथे टंकलेखिका यांना सारख्या सूचना जात राहतील.